पदवी हातात पडण्याआधी काय शिकायचं? डेअरीच्या लॅबमधून एक सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, विषय रसायनशास्त्र. सर म्हणतात मार्कांकडे बघ. मामा म्हणतात स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. पुण्याला गेलेला मित्र म्हणतो पायथन शिक. मोबाईलवर रोज एक नवी यादी येते, पदवीआधी अमुक इतकी कौशल्यं हवीतच म्हणून. घरून एकाच कोर्सची फी निघण्यासारखी आहे, तर तो कोर्स कोणता? वयानं तू माझ्या भाच्याएवढा असशील, म्हणून अरे-तुरे करते.

मी एका दूध प्रक्रिया प्रकल्पात गुणवत्ता विभाग सांभाळते. निकाल लागले की दर वर्षी नवे पदवीधर आमच्याकडे येतात. कोणी रसायनशास्त्राचे, कोणी सूक्ष्मजीवशास्त्राचे, फूड टेक्नॉलॉजीचे. हिशेब विभागात बीकॉमची मुलं येतात. लॅबच्या मुलाखती मी घेते आणि निवडलेली मुलं सुरुवातीचे काही महिने माझ्याच हाताखाली असतात. म्हणजे मी जे सांगणार ते कारखान्याच्या बाजूनं पाहिलेलं आहे. बँकेतला किंवा शाळेतला माणूस यातलं काही वेगळ्या क्रमानं सांगेल, हे लक्षात ठेवून वाच.

तू कोर्स विचारला आहेस, पण त्यामागची काळजी मला अशी दिसते: ओळख नाही, मोठ्या कॉलेजचं नाव नाही, मग कोणी आपल्याकडं काम का सोपवावं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कोर्सच्या प्रमाणपत्रात फारच थोडं सापडतं. माझ्यासमोर येणाऱ्या फायलीत प्रमाणपत्रं भरपूर असतात. मला शोधायचं असतं ते एवढंच, की ह्या मुलाला रात्रपाळीला एकटं सोडलं तर सकाळी त्याच्या वहीत जे लिहिलेलं असेल त्यावर मी डोळे मिटून सही करू शकेन का.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगते. एमएस्सी करायची असेल तर मार्क आणि विषयाची खोली याला पर्याय नाही, तिथं तुझे सर बरोबर आहेत. स्पर्धा परीक्षेचा विचार असेल तर किती वर्षं द्यायची आणि दरम्यान घर कशावर चालणार, हे घरच्यांसोबत बसून आधी ठरव. आयटीत जायचं असेल तर मित्राचं ऐक, पायथन शीक, पण मग ते नीट शीक. घरची शेती किंवा दुकान पुढं चालवायचं असेल तर हिशेब, कर्ज आणि बाजारभाव हेच तुझे विषय. आणि मुलींच्या बाबतीत रात्रपाळी, जाण्यायेण्याची सोय, घरून मिळणारी परवानगी यावर किती गोष्टी अडतात ते मी रोज पाहते, त्यामुळं 'मनात आणलं की होतं' असलं मी कोणाला सांगत नाही. खाली जे लिहिते आहे ते मात्र यातल्या कुठल्याही वाटेवर उपयोगी पडतं.

पहिली आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट: जे दिसलं तेच टिपायची सवय.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला काय चालतं ते तुलाही माहीत आहे. ब्युरेटमध्ये रीडिंग १२.४ येतं, शेजारच्याचं ११.८ असतं, मागच्या वर्षीच्या जर्नलमध्येही ११.८ असतं, मग आपणही ११.८ लिहितो. तीन रीडिंगं काढायची असतात, एक काढतो आणि उरलेली दोन त्याच्या आसपासची लिहून टाकतो. जर्नल तपासून होतं, सही मिळते, मार्कही मिळतात. तीन वर्षं हे केल्यावर हाताला अशी सवय लागते की आकडा अपेक्षेसारखा आला नाही तर चुकला तो आकडाच, तो दुरुस्त करायचा.

आता आमच्याकडं ये. दुधाचं फॅट काढायची गर्बर पद्धत साधी आहे. ब्युटिरोमीटर नावाच्या खुणांच्या काचनळीत १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवायचं आणि वर आलेल्या फॅटचं रीडिंग घ्यायचं. संकलन केंद्रांवर आता मशीन असतात, पण ती मशीन बरोबर दाखवते आहे का हे याच पद्धतीनं ताडून बघतात. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो आणि त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात होते. म्हणजे लॅबमधल्या मुलानं ३.५ ऐवजी ३.३ लिहिलं तर एका शेतकऱ्याच्या बिलातून खरेखुरे पैसे जातात. त्याला ते कधी कळतही नाही, कारण ब्युटिरोमीटर त्यानं पाहिलेला नसतो. त्यानं पहाटे उठून धार काढलेली असते आणि त्याचा सगळा भरवसा त्या वहीवर असतो. उलट आपल्या ओळखीच्या माणसाला ३.३ चं ३.५ केलं तर इतरांच्या वाट्याचे पैसे त्याला जातात. या दोन्हीला मी चोरीच म्हणते, आणि नव्या मुलांना पहिल्याच दिवशी हे याच शब्दांत सांगते.

औषध कंपन्यांत तर हा विषय याहून कडक आहे. तिथं नोंदी कशा असाव्यात याची पाच इंग्रजी अक्षरांची खूण सगळ्यांना पाठ असते, 'अल्कोआ'. नोंद कोणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम होत असतानाच केलेली पाहिजे, मूळ पाहिजे आणि अचूक पाहिजे. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चुकलं तर आडवी एक रेघ, खालचा आकडा दिसत राहिला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. नोंदीत फेरफार सापडला म्हणून परदेशी नियामकांनी कारखान्यांचा माल अडवल्याची उदाहरणं आहेत. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीची सुरुवात कॉलेजच्या जर्नलमधल्या त्या ११.८ पासून होते.

म्हणून यंदा एक ठरव. प्रत्येक प्रॅक्टिकलला जे आलं तेच लिहायचं. कच्च्या कागदावर आधी आणि जर्नलमध्ये नंतर असंही नको, सरळ वहीत, तिथल्या तिथं. रीडिंग शेजाऱ्याशी जुळलं नाही तर कारण शोध. ब्युरेटच्या तोंडाशी हवेचा बुडबुडा होता का? डोळा रेषेच्या वर होता का? सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण चार दिवस उघडं पडलं होतं का? ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून तर वापरण्याआधी ऑक्झॅलिक ॲसिडनं त्याची खरी तीव्रता काढावी लागते. पाठ्यपुस्तकात हे वाक्य तू वाचलं असशील. चुकलेल्या रीडिंगचं कारण शोधताना ते तुला पहिल्यांदा समजेल. सर रागावतील अशी भीती वाटते ना? बहुतेक सर रागावत नाहीत. 'सर, माझं असं आलंय, का आलं असेल?' असं विचारणारा विद्यार्थी त्यांनाही हवाच असतो. एखादा मार्क गेला तरी जाऊ दे.

हे फक्त विज्ञानवाल्यांसाठी नाही. बीकॉमच्या मुलाला गल्ल्यात चाळीस रुपये कमी आले तर स्वतःच्या खिशातून भरून जुळवायचे की 'कमी आले' असं लिहायचं, हाच प्रश्न आहे. समाजशास्त्राची मुलं सर्वेक्षणाचे फॉर्म वडाखाली बसून स्वतःच भरतात, तेही हेच.

दुसरी गोष्ट, आकड्याचा अंदाज. कॅल्क्युलेटर आणि एक्सेलवर वाढलेल्या मुलांत ही उणीव मला फार जाणवते. दुधाचं एसएनएफ लॅक्टोमीटरच्या, म्हणजे दुधाची घनता दाखवणाऱ्या उपकरणाच्या, रीडिंगवरून काढायचं एक प्रचलित सूत्र आहे: लॅक्टोमीटरचं दुरुस्त रीडिंग भागिले ४, अधिक ०.२५ गुणिले फॅट, अधिक ०.४४. शेवटचा आकडा लॅक्टोमीटरच्या प्रकारानुसार बदलतो. रीडिंग २८ आणि फॅट ३.५ असेल तर उत्तर ८.३ च्या आसपास येतं. आता टाइप करताना २८ चं ८२ झालं तर शीटमध्ये २१.८ येतं. मुलाखतीत मी अशी एक शीट समोर ठेवते आणि फक्त 'बघून सांग' म्हणते. बरीच मुलं सूत्र तपासतात, दशांशचिन्ह तपासतात आणि 'बरोबर आहे मॅडम' म्हणतात. गणित बरोबरच असतं, पण दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, मग फॅट सोडून २१ टक्के घन पदार्थ येतील कुठून? जो मुलगा त्या ओळीवर बोट ठेवून 'हे कसं शक्य आहे?' विचारतो, त्याचे मार्क मी नंतर बघते.

ही नजर कोर्सनं येत नाही, पण रोजच्या सरावानं नक्की येते. कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी उत्तर साधारण किती यावं ते समासात लिहायचं. दुधाची घनता १.०३ च्या आसपास, तर १०,००० लिटरच्या टँकरमधलं दूध किती किलो? १०,३०० च्या जवळपास. वजनकाट्यानं ९,५०० दाखवलं तर काहीतरी तपासायला हवं, हे टँकर फाटकाबाहेर जाण्याआधी डोक्यात आलं पाहिजे. टक्केवारी, एककं, प्रमाण हे सगळं आठवीचं गणित आहे, पण ते चटकन डोक्यात येणारे पदवीधर मला फार कमी भेटतात.

तिसरी गोष्ट लिहिण्याची. निबंध म्हणत नाही मी, पाच ओळींचा निरोप. पहाटे मला मेसेज येतो, 'मॅडम टँकरचा प्रॉब्लेम झालाय'. यातून मला काहीच कळत नाही, मी फोन करते, तो उचलत नाही, कारण तो टँकरपाशी गेलेला असतो. हाच निरोप असा हवा: 'टँकर ६.४० ला आला. दुधाचं तापमान ९ अंश. ॲसिडिटी ०.१५, उकळल्यावर दूध फाटलं नाही. अजून रिकामा केलेला नाही. घ्यायचा की परत पाठवायचा ते ७ पर्यंत कळवा.' काय झालं, कधी झालं, मी काय तपासलं, आत्ता स्थिती काय आणि तुमच्याकडून काय हवं, एवढं त्यात आलं की झोपेतून उठलेला माणूसही निर्णय घेऊ शकतो. हे मराठीत जमलं की इंग्रजीत फक्त शब्द बदलावे लागतात. मराठीतच जमत नसेल तर इंग्रजीच्या क्लासनं ते जमणार नाही.

इथं मामांच्या सल्ल्याबद्दल बोलते, कारण त्यांची काळजी खरी आहे. इंग्रजी लागतं. पण कुठलं इंग्रजी, कुठं? आमच्या प्रकल्पात दिवसभर मराठी आणि थोडं हिंदी चालतं. इंग्रजी असतं ते कागदावर: काम कसं करायचं याची एसओपी, उपकरणाचं मॅन्युअल, ऑडिटचे शेरे. म्हणून तुझ्यासारख्यानं आधी इंग्रजी वाचायला शिकावं, मग लिहायला. बोलणं सगळ्यात शेवटी आलं तरी चालेल. ग्राहकांशी फोनवर बोलायची नोकरी असेल, पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कंपनीत जायचं असेल, तर हा क्रम बदलेल आणि तेव्हा मामांचा क्लास खरोखर उपयोगाचा ठरेल. रोज एक पान तांत्रिक इंग्रजी डिक्शनरी घेऊन वाचलंस तर सहा महिन्यांत फरक पडतो, आणि त्याला फी नाही.

वाचायचं काय, तर मूळ कागद, आणि ही माझी चौथी गोष्ट. ऐकीव माहितीवर आपल्याकडं फार मोठी कामं चालतात. एक उदाहरण बघ. 'कायद्यानं गायीच्या दुधाला ३.५ फॅट लागतंच' असं दूध धंद्यातली जुनी माणसंही ठासून सांगतात. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचं मानक उघडून बघितलं तर गायीच्या दुधाला किमान ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ असं आहे. ३.५ आणि ८.५ हा दर ठरवायचा पाया आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की शेतकऱ्याला 'तुझं दूध बेकायदा' म्हणण्यापर्यंत मजल जाते. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, तो आणि त्याखालचे नियम संकेतस्थळावर फुकट आहेत. भारतीय मानक ब्युरोची मानकंही नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात. पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५००, गर्बर पद्धतीचं आयएस १२२४. तुझ्या तालुक्यातल्या मुलाला आणि मुंबईतल्या मुलाला हे कागद सारखेच उपलब्ध आहेत. बीकॉमच्या मुलानं जीएसटीचं एखादं कलम मूळ भाषेत वाचावं, कला शाखेच्या मुलानं आपल्या जिल्ह्याचं गॅझेटियर वाचावं. चॅटजीपीटीला विचारलंस तरी हरकत नाही, अवघड वाक्य सोपं करून घ्यायला ते चांगलं आहे. पण आकडा आणि कलम क्रमांक मूळ कागदावर डोळ्यांनी बघितल्याशिवाय वापरू नकोस.

पाचवी गोष्ट माणसांशी वागण्याची. 'कम्युनिकेशन स्किल्स' या नावाखाली जे शिकवतात ते बहुतेक मंचावर उभं राहून बोलण्याबद्दल असतं. आमच्याकडं अडतं ते दुसरीकडंच. नवा पदवीधर बॉयलर ऑपरेटरला प्रश्न विचारत नाही, कारण ऑपरेटर आयटीआयचा आणि हा बीएस्सी. त्या ऑपरेटरकडं परीक्षा देऊन मिळवलेलं प्रमाणपत्र असतं आणि वाफेचा दाब का घसरतो हे त्याला आवाजावरून कळतं. टँकरच्या ड्रायव्हरला कुठल्या बल्क कूलरवर (गावातल्या दूध थंड ठेवायच्या टाकीवर) वीज गेली होती ते माहीत असतं. कॅन धुणाऱ्या बाईंना गरम पाणी कधी कमी आलं ते माहीत असतं. ही माहिती 'दादा', 'काका', 'मावशी' म्हणून दोन मिनिटं थांबून विचारणाऱ्यालाच मिळते. आणि जे येत नाही त्याला 'येत नाही, दाखवा' म्हणता आलं पाहिजे. मुलाखतीत मला हे उत्तर मिळालं की मी आश्वस्त होते. ॲसिड हाताळायच्या जागी न येणारी गोष्ट येते म्हणणारा मुलगा स्वतःला आणि इतरांना भाजून घेतो.

कमवा आणि शिका योजनेत काम केलेली मुलं या बाबतीत मला वेगळी दिसतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वावलंबनाचं शिक्षण हा तिचा पाया ठेवला. त्या विचारातून आलेली ही योजना आज अनेक विद्यापीठांत आहे. लायब्ररीत पुस्तकं लावलेल्या, बागेला पाणी घातलेल्या मुलाला ठरलेल्या वेळी येणं आणि ठरलेलं काम संपवणं सांगावं लागत नाही. कॉलेजात ही योजना असेल तर फीचा प्रश्नही थोडा हलका होईल. एनएसएसमध्ये असशील तर सात दिवसांच्या शिबिराचा फोटो अर्जाला जोडू नकोस, शिबिरात तुझ्याकडं काय काम होतं आणि ते पुरं झालं का, ते दोन ओळींत लिही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. एक्सेल किंवा गुगल शीट्स आलंच पाहिजे: बेरीज-सरासरी, फिल्टर, आलेख आणि पिव्होट टेबल एवढं तरी. हे फुकट शिकता येतं. मोबाईलवर नाही, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर शीक. मराठी युनिकोडमध्ये टाइप करता येऊ दे. स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवर रसायनशास्त्राचे चांगले अभ्यासक्रम आहेत, शिकण्याला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी आहे. पगाराची स्लिप वाचायला शीक. पीएफचे मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर साधारण १२ टक्के तुझ्याकडून कापले जातात आणि मालकानंही तेवढेच भरायचे असतात, ते भरले जात आहेत का हे यूएएन या पीएफच्या क्रमांकावरून स्वतः बघता येतं. नोकरी देण्यासाठी कोणी 'डिपॉझिट' मागितलं तर ती नोकरी नाही, तिथून निघून ये. मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्यालाही ती देऊ नकोस, डिजिलॉकरची प्रत दाखव. नोकरी लगेच लागली नाही तर पदवीधरांसाठी केंद्र सरकारची ॲप्रेंटिसशिप योजना आहे, नॅट्स नावाची. त्यात विद्यावेतन मिळतं आणि कारखाना आतून बघायला मिळतो. आमच्याकडं असे प्रशिक्षणार्थी येतात आणि त्यातले काही पुढं राहतातही.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: खरं टिपणं, अंदाज, पाच ओळी नीट लिहिणं, मूळ कागद वाचणं, विचारता येणं. तू म्हणशील, हे सगळं वेगवेगळं शिकायला वर्ष कुठं पुरणार? वेगवेगळं शिकूच नकोस. एक काम निवड, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः कर, त्यात हे सगळं येतं.

तुझ्यासाठी मी सुचवेन ते काम असं. तुझ्या गावातले पाण्याचे दहा स्रोत निवड, विहिरी, बोअर, नळ, जे लोक खरोखर पितात ते. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात असे तीनदा त्याच ठिकाणचे नमुने घे. कॉलेजच्या लॅबमध्ये ईडीटीए या रसायनानं हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, काढ, हे प्रॅक्टिकल तू केलं असशील: बफर घालून पीएच १०, एरिओक्रोम ब्लॅक टी, वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा येतो. ५० मिली नमुना आणि ०.०१ मोलर ईडीटीए घेतलं तर जितके मिली लागले त्याला २० नं गुणायचं, लिटरला इतके मिलीग्रॅम. १५ मिली लागले तर ३००. आयएस १०५०० उघडून बघ: २०० पर्यंत स्वीकारार्ह, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची मर्यादा. मग ३०० चा अर्थ काय लावायचा, ते तू ठरव आणि दोन वाक्यांत लिही. टीडीएसचं (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं) मीटर कॉलेजात असेल तर तेही घे.

यात तुला बाटलीवर लेबल लावावं लागेल, तारीख-वेळ टाकावी लागेल, विहिरीच्या मालकाला 'आजोबा, किती वर्षं झाली हिला? उन्हाळ्यात तळ दिसतो का?' विचारावं लागेल. एखादं रीडिंग विचित्र येईल, तेव्हा ते खोडायचा मोह होईल. खोडू नकोस, पुन्हा नमुना आण आणि दोन्ही नोंदी ठेव. शीट तयार कर, एक आलेख काढ. शेवटी मराठीत एक पान लिही आणि सरपंचांना किंवा ग्रामसभेत दे. त्यात एक वाक्य ठळक हवं: ही विद्यार्थ्यानं कॉलेजच्या लॅबमध्ये केलेली प्राथमिक तपासणी आहे, पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे शासकीय प्रयोगशाळाच सांगू शकते. हार्डनेसवरून जंतू कळत नाहीत. लोकांना उगाच घाबरवायचं नाही आणि खोटा धीरही द्यायचा नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. तुझ्या वर्षाला ते लागू असेल तर हेच काम तिथं दाखवता येईल का, विचारून बघ. बरीच मुलं तो प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानातून विकत आणतात, मला त्याचं फार वाईट वाटतं. तीन वर्षांत स्वतःच्या मनानं काही शोधायची ती जवळजवळ एकच संधी असते.

फीचे पैसे उरतील, ते कोर्सवरच घालायचे असतील तर निकालानंतर घाल. तोवर तुला उपकरण आवडतं की आकडे, लॅब आवडते की माणसांत फिरणं, हे तुलाच कळलेलं असेल आणि मग एचपीएलसीचं (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाचं) प्रशिक्षण घ्यायचं की पायथन शिकायचं, हा प्रश्न सोपा होईल. आज निवडलास तर तो मित्राचा किंवा मामांचा कोर्स असेल.

मुलाखतीला जाशील तेव्हा पाण्याची ती मूळ वही घेऊन जा. टाइप केलेला रिपोर्टही चालेल, पण वही हवीच. मी असेन तर मधलंच एक पान उघडेन आणि एखाद्या खोडलेल्या ओळीबद्दल विचारेन: हे का खोडलं, नंतर काय केलं? तिथून पुढची दहा मिनिटं तूच बोलशील, आणि घोकलेलं काही बोलावं लागणार नाही.

सुरुवात करायची तर याच आठवड्यात सरांशी बोल. बफर आणि इंडिकेटर कॉलेजात असतातच, पण ईडीटीए संपलेलं असलं की मागणी मंजूर होऊन यायला महिना सहज जातो, आणि पावसाळ्यानंतरचा पहिला नमुना एकदा हुकला की तो पुढच्या वर्षीच मिळतो.